कातकाम (लाकडी घंटा व मुठी)

लाकडाचा तुकडा चरकावर, म्हणजे लेथवर, स्वतःच्या अक्षाभोवती फिरता ठेवून धारदार हत्याराने त्याला आकार देण्याच्या कारागिरीस कातकाम म्हणतात. अशा रीतीने घडवलेली वस्तू ती कातीव वस्तू आणि हे काम करणारा तो कातारी. लाटणे, ताक घुसळण्याची रवी, भोवरा, पाळण्याचे दांडे, जिन्याच्या कठड्यातील छोटे खांब, रबरी शिक्क्याची मूठ या सर्व नित्य परिचयाच्या कातीव वस्तू होत. प्रस्तुत लेख शोभेच्या लाकडी घंटा आणि हत्यारांच्या, खणांच्या व दारांच्या मुठी यांच्या कातकामाविषयी आहे. या दोन्ही वस्तू एकाच चरकावर आणि पुष्कळदा एकाच ओंडक्यातून निघतात. तरीही त्यांच्या गरजा परस्परविरुद्ध असतात. घंटा आतून पोकळ करावी लागते, मूठ मात्र भरीव राहून जोर सोसणारी असावी लागते. घंटा ओल्या लाकडातूनही कातता येते, मुठीला वाळलेलेच लाकूड लागते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे घंटा तडकते आणि मूठ ऐन कामात हातात मोडते.

नाव

मराठीत सूत काढणे आणि लाकूड चरकावर घडवणे या दोन्ही क्रियांना ‘कातणे’ हे एकच क्रियापद आहे. चरक हा शब्दही लाकूड कातण्याच्या यंत्राप्रमाणे उसाचा रस काढण्याच्या यंत्रास लावला जातो. हिंदी व गुजराती भाषांत लाकूड कातणाऱ्यास खरादी म्हणतात. शहरांतील कारखान्यांत आज ‘लेथ’ हाच शब्द रूढ आहे. कातारी आणि कातकरी हे शब्द सारखे वाटले तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. कातकरी या जमातीचे नाव खैराच्या लाकडापासून काढल्या जाणाऱ्या कातावरून आले आहे. रेखीव नाकाला वा चेहऱ्याला ‘कातीव’ म्हणण्याची मराठीतील रीत मात्र या कारागिरीतूनच आलेली आहे.

इतिहास

चरकाचे सर्वांत जुने ज्ञात चित्र ईजिप्तमध्ये पेटोसिरिस याच्या थडग्यातील भित्तिशिल्पात आढळते. त्याचा काळ इ. स. पू. सुमारे ३०० मानला जातो. त्यात दोन माणसे आहेत : एक जण वस्तूभोवती गुंडाळलेला पट्टा आलटून पालटून ओढतो आहे, दुसरा हत्यार धरून बसला आहे. भारतात याच पद्धतीच्या चरकाचा उल्लेख पाली वाङ्मयात येतो. ‘महासतिपट्ठान सुत्ता’त दीर्घ व ऱ्हस्व श्वासाची जाणीव ठेवणाऱ्या साधकाला, आपण लांब ओढ घेत आहोत की आखूड हे ओळखणाऱ्या निष्णात कातारी कारागिराची उपमा दिली आहे. ही उपमा नेमकी समजण्यासाठी दोरीचा चरक डोळ्यांसमोर असावा लागतो. त्यात वस्तू एका दिशेने सलग फिरत नाही. दोरीच्या प्रत्येक ओढीसरशी पुढे आणि मागे फिरते. हत्यार केवळ पुढच्या फेऱ्यात टेकवायचे आणि मागच्या फेऱ्यात किंचित दूर घ्यायचे असते. ओढीची लांबी आणि हाताची हालचाल यांचा मेळ बसला नाही तर लाकडावर पायऱ्या पडतात.

भारतीय कातारी जमिनीवर बसून काम करीत असे. हत्यार टेकवण्याची आडवी पट्टी तो पायाने दाबून धरी, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत. दोरी ओढण्यास घरातील दुसरे माणूस असे. लहान कामाला कमानीची दोरी एकटाच कारागीर एका हाताने चालवी. यूरोपात कातारी उभा राहून पायाने दांडा दाबी आणि वर बांधलेली लवचिक काठी दोरी परत खेची. इंग्लंडमधील चिल्टर्न टेकड्यांत बीच वृक्षाच्या ओल्या लाकडाचे खुर्च्यांचे पाय अशा चरकावर जंगलातच कातले जात आणि हाय विकम येथील खुर्ची-कारखान्यांना पुरवले जात. पुढे गतिचक्र, पाणचक्की, वाफ व वीज यांच्या साहाय्याने सलग फिरणारे चरक आले. त्यांनी वेग वाढवला आणि दोरी ओढणारा माणूस मोकळा केला. अपघाताचा धोकाही त्यांच्याबरोबरच वाढला.

चरक आणि हत्यारे

आजच्या विजेच्या चरकात डावीकडे फिरता भाग असतो, त्यास हेडस्टॉक म्हणतात. उजवीकडे पुढेमागे सरकणारा टेलस्टॉक असतो. मूठ या दोहोंच्या टोकांमध्ये पकडून कातली जाते. घंटेला मात्र उजवे टोक मोकळे लागते, कारण तेथूनच ती कोरायची असते. म्हणून तिचा तुकडा डावीकडे चकमध्ये आवळतात. दोहोंच्या मध्ये हत्यार टेकवण्याची टेकण असते. टेकण आणि लाकूड यांतील अंतर काही मिलिमीटरच ठेवतात. ते वाढले की हत्याराचे टोक अधिक लांबवर मोकळे राहते आणि लाकडाने ते खाली ओढले तर हाताला सावरता येत नाही.

हत्यारे थोडी असतात. चौकोनी तुकडा गोल करण्यास व खोलगट नक्षीस पन्हळीसारख्या पात्याचे गाऊज, गुळगुळीत सपाट वा फुगीर पृष्ठासाठी तिरप्या धारेची पटाशी, खाच पाडण्यास व वस्तू वेगळी करण्यास अरुंद छेदणी, आणि आतील भाग साफ करण्यास खरवडणी. यांपैकी तिरपी पटाशी शिकणे सर्वांत अवघड. पण तिच्याने कातलेल्या पृष्ठाला पॉलिशपेपर जवळजवळ लागत नाही. चांगला कातारी लाकूड कापतो, नवशिका ते खरवडतो. धारेमागचा उतार प्रथम लाकडावर टेकवून मग धार हळूहळू लावली तर सलग वळ्यांसारखा कीस निघतो. धार आधी लावली तर भुसा उडतो आणि तंतू उपटले जातात.

कोणत्या दिशेने कापायचे, याचा नियम दोन्ही वस्तूंत उलटा आहे. मुठीसारख्या वस्तूचे तंतू अक्षाला समांतर असतात, म्हणून तिच्या बाह्यांगावर हत्यार नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, म्हणजे उताराने, न्यावे लागते. तसे केल्याने कापल्या जाणाऱ्या तंतूला खालच्या तंतूंचा आधार राहतो. घंटेचे बाह्यांग याच नियमाने कातले जाते. पण तिची पोकळी कोरताना हत्यार मध्यापासून कडेकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्या व्यासाकडे, आणावे लागते. मुठीवर हात बसलेल्या कारागिराची पहिली घंटा बहुधा येथेच बिघडते.

लाकूड

मुठीसाठी चिवट, सरळ तंतूंचे आणि घट्ट लाकूड लागते. कुऱ्हाडीसारख्या आघाताच्या हत्यारांना महाराष्ट्रात धामणाचा दांडा पूर्वापार पसंत केला जातो. बाभळीचाही वापर होतो. पटाशी व कानस यांच्या मुठींना शिसव, बाभूळ, चिंच यांचे लाकूड चालते. साग टिकाऊ व कमी आकसणारा असला तरी ठिसूळपणाकडे झुकतो, म्हणून ठोकण्याच्या हत्याराला तो योग्य नव्हे. खणाच्या व दाराच्या मुठीला मात्र उत्तम. यूरोप-अमेरिकेत ॲश व हिकरी यांना हेच स्थान आहे. शोभेच्या घंटेला चिवटपणाची गरज नसते. तिला बारीक पोताचे, धारेखाली स्वच्छ कापले जाणारे लाकूड हवे. पिवळसर हेद म्हणजेच हळदू, फिकट शिवण आणि पांढरा शुभ्र काळा कुडा ही त्यासाठी चांगली लाकडे होत. (कुड्याच्या नावातील ‘काळा’ लाकडाच्या रंगाचा निदर्शक नाही, हे नवशिक्याने जाणून असावे.)

लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ आकसतच नाही. गाभ्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, थोडे आकसते. आणि वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. पुष्कळ लाकडांत ओल्या स्थितीपासून पूर्ण वाळेपर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ४ आणि ८ टक्क्यांच्या आसपास असते. सागात ते बरेच कमी आहे. कातकामातील बहुतेक यशापयशाचे मूळ या एका गुणधर्मात आहे.

मुठीचे कातकाम

मुठीचे काम चरकावर चढण्याआधीच अर्धे ठरलेले असते. करवतीने कापलेल्या पट्टीत तंतू तिरपे जाऊ शकतात, कारण करवत तंतूंचा विचार करीत नाही. कुऱ्हाडीने फोडून काढलेल्या तुकड्यात फाट तंतूंच्या वाटेनेच जाते, म्हणून मुठीचे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात. तंतू १० सेंटिमीटर लांबीत १ सेंटिमीटर तिरपे गेले तर आघात सोसण्याची क्षमता सरळ तंतूंच्या मानाने सुमारे तीन-पंचमांशावर येते. ५ सेंटिमीटरला १ सेंटिमीटर इतका तिरपेपणा असेल तर ती जेमतेम एकतृतीयांश उरते. असा तुकडा चरकावर इतर तुकड्यांइतकाच सुबक दिसतो. पॉलिश केल्यावर तर भेद ओळखूच येत नाही. बाजारातील स्वस्त पटाशीची मूठ हातोडीखाली तिरपी चिरफाळते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दुसरी अट वाळलेपणाची. मुठीच्या पुढच्या टोकावर पितळेची वा लोखंडाची शेंबी बसवलेली असते. हत्याराच्या पात्याची निमुळती शेपटी मुठीत पाचरीसारखी शिरते, तेव्हा लाकूड फाटू न देणे हे या कड्याचे काम. २० मिलिमीटर व्यासाचे टोक ओल्या लाकडात कातून त्यावर शेंबी घट्ट बसवली आणि लाकूड पुढे ५ टक्के आकसले, तर १ मिलिमीटरची फट पडते आणि शेंबी बोटाने फिरू लागते. त्यामुळे मुठीचे तुकडे सावलीत, हवा खेळती ठेवून, काही महिने वाळवतात आणि त्यांच्या टोकांना मेण वा रंग लावतात, म्हणजे टोके आधी वाळून तडकत नाहीत.

कातण्याचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. आधी शेपटीसाठी छिद्र पाडायचे आणि मग त्याच छिद्रात टेलस्टॉकचे टोक बसवून मूठ कातायची. क्रम उलटा केला, म्हणजे मूठ आधी कातून छिद्र नंतर पाडले, तर ते किंचित तरी तिरके जाते आणि पाते मुठीच्या रेषेत राहत नाही. शेपटी निमुळती असेल तर दोन-तीन वेगवेगळ्या व्यासांची छिद्रे एकापुढे एक पाडून पायऱ्यांची पोकळी करतात. नंतर शेंबीचे टोक कातायचे; त्याचा व्यास शेंबीच्या आतील व्यासापेक्षा अगदी किंचित अधिक ठेवतात आणि शेंबी ठोकून बसवतात. त्यानंतर उरलेला आकार. तळहाताने आवळून धरायच्या मुठीचा व्यास ३० ते ४० मिलिमीटर असला तर पकड सुखकर राहते. मध्ये थोडा फुगवटा, शेंबीकडे निमुळतेपणा आणि मागचे टोक गोलसर, हा आकार जगभर आढळतो.

नक्षीच्या बाबतीत संयम लागतो. मण्यासारखे उठाव व खोल गळे चरकावर क्षणात उमटतात आणि नवशिक्याला त्यांचा मोह होतो. परंतु प्रत्येक खोल गळा अखंड तंतूंना तेवढ्या जागी तोडतो आणि ताण तेथेच एकवटतो. खणाच्या मुठीला हवी तेवढी नक्षी शोभते. पटाशीच्या मुठीवर दोन बारीक रेषा पुरेत. मुठीवर जाड वार्निश न चढवता जवसाचे तेल चोळणे बरे, कारण वार्निशने हात घसरतो आणि घामाने फोड येतात.

सगळ्या मुठी गोल नसतात. हातोडी व कुऱ्हाड यांचा दांडा लंबगोल असावा लागतो, म्हणजे अंधारातही हाताला पात्याची दिशा कळते. साध्या चरकावर दांड्याची टोके मध्यबिंदूपासून थोडी सरकवून, दोन वेगवेगळ्या अक्षांवर कातून लंबगोलाच्या जवळ जाता येते. अमेरिकेतील टॉमस ब्लँचर्ड याने १८१९ मध्ये पेटंट घेतलेल्या चरकाने हा प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला : नमुन्यावर एक चाक फिरे आणि त्याच्या हालचालीनुसार कापणारे चाक लाकडावर तोच आकार उतरवी. तो बंदुकीच्या दस्त्यांसाठी होता. पुढे कुऱ्हाडीचे दांडे त्याच तत्त्वाने होऊ लागले.

दांडा उन्हाळ्यात ढिला झाला की कुदळ वा कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची रीत ग्रामीण भागात सर्वत्र आहे. ती त्या दिवसापुरती कामी येते. लाकूड फुगते, पण लोखंडाच्या छिद्रात फुगण्यास जागा नसल्यामुळे आतले तंतू चिरडले जातात. वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही बारीक होतो. काही वेळा असे केल्यावर एके दिवशी पाते दांड्यातून सुटून उडते. कोरडी पाचर ठोकणे किंवा दांडा बदलणे हाच खरा उपाय होय.

घंटेचे कातकाम

कातीव घंटेत वरचा गोलसर माथा, त्याखालील खांदा, मधली बारीक कंबर आणि बाहेर पसरणारी कड असे भाग असतात. हा आकार धातूच्या घंटेकडून घेतलेला आहे. लाकडात कड पातळ ठेवली की ती सहज तुटते, म्हणून लाकडी घंटेची कड कातताना तिच्यावर एक मण्यासारखा उठाव राखतात. तो शोभेचा भासला तरी आधारासाठी असतो.

तुकडा चकमध्ये आवळल्यावर प्रथम तो गोल करतात. या वेळी वेग कमी, मिनिटाला ६०० ते ८०० फेरे, ठेवतात. गोल झाल्यावर ७५ मिलिमीटर व्यासाच्या घंटेसाठी तो १,२०० ते १,५०० पर्यंत नेता येतो. ३० मिलिमीटरची मूठ २,००० हून अधिक फेऱ्यांवरही निर्धोक कातली जाते, कारण फेरे तेवढेच असले तरी जाड वस्तूचा पृष्ठभाग अधिक वेगाने धावतो. गोल तुकड्याच्या मध्यभागी, हव्या त्या खोलीपर्यंत, गिरमिटाने छिद्र पाडतात. ते पोकळीची खोली दाखवते आणि गाऊजला सुरुवातीची जागा देते. मग पोकळी कोरतात. बाहेरचा भाग या टप्प्यात जाडच ठेवलेला असतो, विशेषतः माथ्याकडे. तो आधीच बारीक केला तर तुकडा थरथरतो आणि आत सर्पिल रेघा उमटतात. पोकळी पूर्ण झाल्यावर तिच्या वळणाशी जुळवून बाह्यांग कातायचे, कडेपासून सुरुवात करून माथ्याकडे यायचे, आणि एकदा पातळ झालेल्या भागाकडे परत जायचे नाही. भिंतीची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास सर्वत्र सारखी असावी. ती कॅलिपरने तपासतात. सरावलेले कारागीर हत्याराच्या आवाजावरूनही ओळखतात, भिंत जसजशी पातळ होते तसतसा तो चढत जातो. शेवटी छेदणीने माथा वेगळा करतात.

घंटा तडकण्याचा प्रश्न येथे येतो. लहान घंटा बहुधा अख्ख्या फांदीच्या तुकड्यातून कातल्या जातात, म्हणजे झाडाचा गाभा घंटेच्या नेमका मध्यावर येतो. अशी भरीव फांदी वाळताना तिचा घेर ८ टक्क्यांनी आकसू पाहतो आणि त्रिज्या केवळ ४ टक्क्यांनी. घेराला पुरेशी जागा न मिळाल्याने सालीपासून गाभ्यापर्यंत उभी भेग पडते. पोकळ भागात मात्र ही अडचण उरत नाही. मधले लाकूड काढून टाकलेले असल्यामुळे भिंत मोकळेपणाने लहान वर्तुळात आकसते. म्हणून ओल्या फांदीची पातळ घंटा कातून वाळवली तर तिची भिंत शाबूत राहते आणि भेग पडलीच तर भरीव राहिलेल्या माथ्यात पडून खांद्यावर उतरते. माथ्यातून आरपार पाडलेले दोरीचे छिद्र गाभाच काढून टाकते आणि माथ्यालाही आकसण्यास वाव देते. ते वाळवल्यानंतर नव्हे, कातल्याबरोबर लगेच पाडले पाहिजे. कित्येक घंटा केवळ हे छिद्र उशिरा पाडल्यामुळे वाया जातात.

मोठ्या घंटेसाठी गाभा टाळून, ओंडक्याच्या एका बाजूचा तुकडा घेतात. ती तडकत नाही, पण वाकडी होते : ओल्या स्थितीत कातलेले ७५ मिलिमीटरचे गोल तोंड पूर्ण वाळल्यावर वरील प्रमाणानुसार एका बाजूने ७२ आणि दुसऱ्या बाजूने ६९ मिलिमीटर होते. काही कारागीर हा लंबगोल तसाच ठेवतात. ज्यांना गोलाईच हवी ते घंटा जाड कातून, काही आठवडे वाळवून, पुन्हा चरकावर चढवतात.

नाद

लाकडी घंटा वाजते का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तांबे व सुमारे २० ते २२ टक्के कथील यांच्या काशाची घंटा एका टोल्यानंतर बराच वेळ निनादते, कारण त्या मिश्रधातूत कंपनांची ऊर्जा फार सावकाश नष्ट होते. लाकडात ती झपाट्याने शोषली जाते. शिवाय कातीव घंटेची भिंत तंतूंच्या आडव्या दिशेने कंप पावते आणि त्या दिशेने लाकडाचा ताठपणा तंतूंच्या दिशेच्या मानाने साधारण दहावा ते विसावा हिस्साच असतो. परिणामी निनाद न येता केवळ ‘टक्’ असा आवाज येतो. पण हा आवाज निरुपयोगी नाही. ब्रह्मदेशातील सागाच्या जंगलांत ओंडके ओढणाऱ्या हत्तींच्या आणि आग्नेय आशियात म्हशींच्या गळ्यात लाकडी घंटा बांधीत. त्या कातीव नसून कोरीव असत व त्यांचे टोले बाहेरून लोंबत. रात्री चरायला सोडलेले जनावर सकाळी कुठे आहे हे त्या आवाजावरून कळे. शोभेच्या कातीव घंटेत लाकडी लोलक लावला तर तो कडेला नव्हे, कडेच्या थोडा वर, जाड उठावावर आपटेल इतकाच लांब ठेवतात. तोरणासाठी केलेल्या घंटांत पुष्कळदा आत पितळी घुंगरू बांधतात, तेव्हा नाद घुंगराचा असतो आणि घंटा केवळ त्याचे छत्र बनते.

लाखकाम

भारतीय कातकामाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यावर चरकावरच चढवला जाणारा लाखेचा रंग. पळस, बोर, कुसुम यांसारख्या झाडांवर वाढणाऱ्या लाखेच्या किड्यांपासून मिळणारी लाख तापवून, तीत रंग मळून, तिच्या कांड्या करतात. कातलेली वस्तू चरकावर फिरत असतानाच कांडी तिच्यावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर पसरते. मग केवड्याच्या पानाने ती सारखी करतात व चकाकी आणतात. या रंगात ब्रश, द्रावक वा वाळण्याची वाट पाहणे यांपैकी काहीच नाही. लाख उष्णतेने मऊ होते आणि मद्यार्कात विरघळते, म्हणून गरम भांड्याच्या मुठीला ती चालत नाही. घंटेला, पाळण्याला, खणाच्या मुठीला ती शोभते.

महाराष्ट्रात सावंतवाडी हे लाखकामाच्या लाकडी वस्तूंचे प्रसिद्ध केंद्र असून तेथील चितारी कुटुंबे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची खेळणी व फळे करीत आली आहेत. गोव्यात कुंकळ्ळी येथील चितारी पाट, पाळणे व लाकडी सामान रंगवतात. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील खेळणी काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात आणि त्यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका येथे वनस्पतिजन्य रंगांचा वापर होतो. गुजरातमधील संखेडा येथे सागाच्या कातीव सामानावर लाखेच्या थराखाली कथिलाचा चमकदार मुलामा देऊन सोनेरी झाक आणतात. नाताळच्या झाडावर टांगण्याच्या कातीव घंटा व बाहुल्यांसाठी जर्मनीतील एर्झगेबिर्ग प्रदेश प्रसिद्ध आहे. तेथील झाइफेन गावात ओल्या लाकडाचे कडे अशा आकृतीत कातले जाते, की ते भाकरीच्या चतकोरांसारखे कापले असता प्रत्येक कापात गायीची वा घोड्याची आकृती दिसते.

खुळखुळा

घंटा आणि मूठ एकाच वस्तूत येतात ती तान्ह्या बाळाच्या खुळखुळ्यात. भरीव दांड्याच्या एका टोकाला पोकळ डोके असते, किंवा दांड्यावर सुटी कडी असतात. ही कडी वेगळी करून घातलेली नसतात. दांड्याच्या अखंड लाकडातूनच दोन्ही बाजूंनी वाकड्या हत्याराने आत कापत जाऊन ती सोडवली जातात. अखेरचा तंतू तुटला की कडे दांड्यावर गरगर फिरू लागते.

खुळखुळा तोंडात जातो, म्हणून येथे कारागिराची जबाबदारी सर्वाधिक असते. भारतीय मानक आयएस ९८७३ नुसार लहान मुलांच्या खेळण्यातील सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या ठरावीक नळकांड्यात पूर्णपणे मावला तर तो गिळला जाण्याचा धोका मानला जातो. कडे पातळ कातले तर तडकून त्याचे असेच तुकडे होतात. रंगाचाही विचार हवा : लाख शुद्ध असली तरी तीत मळलेला रंग शिशाचा नाही याची खात्री करावी लागते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या व भौगोलिक निर्देशांक मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. ही सूट नसती तर घरोघरी चालणारे चरक बंद पडले असते. पण सूट असल्यामुळे तपासणीचा भारही कारागिराच्याच विवेकावर आला आहे.

धोके

चरकाजवळ सैल बाही, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातील साखळी व मोकळे केस धोकादायक असतात. हातमोजेही घालू नयेत. ते सुटून येण्याऐवजी हातासकट ओढले जातात. फिरत्या वस्तूला पॉलिश करण्यास कापडाऐवजी कागद वापरतात, कारण अडकल्यास कागद फाटतो. जुन्या कानशीला धार लावून कातण्याचे हत्यार करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. कानशीचे पोलाद कठीण पण ठिसूळ असते आणि घंटेच्या पोकळीत हत्यार अडकले तर ते काचेसारखे फुटते. पुन्हा तापवून योग्य पाणी दिल्याखेरीज अशी कानस चरकावर आणू नये. मोटारीच्या जुन्या स्प्रिंगपाटीपासून केलेले हत्यार त्या मानाने अधिक चिवट असते.

लाकडाची बारीक धूळ हा न दिसणारा धोका. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात केला. तिचा संबंध मुख्यतः नाकाच्या पोकळीतील कर्करोगाशी आहे. शिसवाच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज व पुरळही येते. कातताना निघणारा वळ्यांचा कीस जड असल्याने खाली पडतो, हवेत राहते ती पॉलिशपेपरची धूळ. त्यामुळे तिरप्या पटाशीने स्वच्छ कापणारा कारागीर धूळही कमी उडवतो.

शिसव व शिसू यांच्या वस्तू परदेशी पाठवताना वन्य प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स कराराचे नियम लागू होतात. डालबर्जियाच्या जवळजवळ सर्व प्रजाती २०१७ पासून त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ मध्ये उत्तर भारतातील शिसूच्या, म्हणजे डालबर्जिया सिसूच्या, प्रत्येकी १० किलोग्रॅमहून कमी वजनाच्या वस्तूंना परवान्यातून सवलत मिळाली. महाराष्ट्रात ज्याला शिसव म्हणतात तो डालबर्जिया लॅटिफोलिया या सवलतीत येत नाही. दोन्ही लाकडे बाजारात पुष्कळदा एकाच नावाने विकली जातात, त्यामुळे निर्यातीच्या घंटा व मुठींसाठी लाकूड घेताना ते कोणते आहे याची पावती मागून घेणे आवश्यक असते.